माणसांची विक्री आणि पोलिसांचा तपास: विदर्भातल्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी कामाला म्हणून गेली आणि तिचा फोन लागेनासा झाला, की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘पळून गेली असेल’ आणि ‘पोलीस काही करत नाहीत’. दोन्ही वाक्यांत वेळ जातो, आणि या गुन्ह्यात गेलेला वेळ सहसा भरून निघत नाही. हे पान पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य आणि घरच्यांसाठी आहे. पोलिसांचं काम नेमकं कुठे अडतं हे इथे सविस्तर सांगितलं आहे. त्यात पोलिसांची वकिली करायची नाही. गाडी कुठे रुतली हे कळलं, तरच हात कुठे लावायचा हे कळेल.

आमच्या भागात खरंच माणसं विकली जातात का?

हो. पण हा व्यवहार नेहमी काहीतरी चांगलं सांगत दारात येतो, म्हणून ओळखू येत नाही.

लग्नाचं घ्या. पूर्व विदर्भातल्या मुलींना लग्नाच्या नावाखाली मध्य प्रदेशात, राजस्थानात नेऊन विकल्याचे गुन्हे पोलिसांनी नोंदवलेले आहेत. स्थळ घेऊन येणारी बाई बहुतेक वेळा ओळखीची असते, कधी लांबची मावशी, कधी शेजारीण. ‘हुंडा नको, खर्च आमचाच, फक्त लग्न तिकडे येऊन करू,’ असं ती म्हणते. तीन मुली उजवायच्या असलेल्या, सावकाराचं नाहीतर मायक्रोफायनान्सचं देणं असलेल्या घराला हे स्थळ देवानेच पाठवलं असं वाटतं. तिकडची गरज आकड्यांत दिसते. 2011 च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया होत्या, गडचिरोलीत 982. राजस्थानात 928 आणि हरियाणात 879. जिथे मुली जन्मू दिल्या नाहीत, तिथे त्या बाहेरून आणल्या जातात, आणि आणणाऱ्या दलालाला त्याचे पैसे मिळतात.

दुसरी वाट कामाची. मेळघाटातली कोरकू कुटुंबं पेरणी-काढणी सोडून उरलेल्या दिवसांत बाहेर पडतात. सिरोंचा, राजुरा या पट्ट्यातले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. पुसद, उमरखेड, वाशीम, बुलढाण्याकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात. वीटभट्ट्या सगळीकडेच आहेत. बाहेरगावी कामाला जाणं हा गुन्हा नाही, आणि गेलेली बहुतेक माणसं सुखरूप परत येतात. मुकादमाने उचल देऊन माणसांना अडकवलं, मजुरी दाबली, आधार कार्ड काढून घेतलं, घरी जाऊ दिलं नाही, की प्रकरण गुन्ह्याकडे वळतं. देहविक्रीसाठी मुलींना शहरात नेणं, लहान मुलांना भीक मागायला किंवा हॉटेलात राबवायला नेणं, हेही याच गुन्ह्यात येतं.

झरी जामणी भागातल्या कोलाम कुमारी मातांचा प्रश्न अनेक वर्षं राज्यभर गाजला. त्या सगळ्या विक्रीच्या केसेस नव्हत्या. पण बाहेरचा माणूस वस्तीत येतो, लग्नाचा शब्द देतो, निघून जातो आणि त्याचं नाव-गावही कुणाकडे नसतं, हे तिथे वारंवार घडलं. दलालाला हीच परिस्थिती हवी असते.

एवढं घडतं, तर गुन्हे इतके कमी कसे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात मानवी तस्करीचे 2,250 गुन्हे आहेत, त्यांत महाराष्ट्राचे 295. एवढ्या मोठ्या देशात वर्षाला फक्त एवढीच प्रकरणं घडत असतील, असं कुणीच मानणार नाही.

बरीच प्रकरणं वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. अल्पवयीन मुलगी गेली की अपहरणाचा गुन्हा लागतो (जुन्या भारतीय दंड संहितेचं 363, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 137). सज्ञान बाई गेली की ‘मिसिंग’ची नोंद. मजूर डांबले की पैशाचा वाद. लॉजवर धाड पडली की फक्त ‘पीटा’, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, 1956. प्रत्येक नोंद आपल्या जागी बरोबर असते. पण ने-आण आणि शोषणाचं कलम 143, म्हणजे जुनं 370, लागत नाही. ते लागलं नाही की तपास शेवटच्या माणसावर थांबतो. मुलगी सापडली, लॉजचा मॅनेजर धरला, विषय संपला. तिला गावातून कुणी नेलं, तिकीट कुणी काढलं, पैसे कुणाच्या खात्यात आले, हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते ही सगळ्यांत मोठी अडचण आहे. कायदा आहे, शिक्षाही कडक आहे, पण समोर आलेलं प्रकरण या कायद्यातलं आहे हे पहिल्या दिवशी ओळखलं जात नाही.

तक्रार द्यायला 24 तास थांबावं लागतं का?

नाही. असा कुठलाही नियम नाही. मूल 18 वर्षांखालचं असेल तर लगेच गुन्हाच नोंदवायचा आणि ते पळवून नेलं आहे असं गृहीत धरून तपास करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या खटल्यात 2013 साली सांगितलं आहे. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे, म्हणजे एएचटीयूकडे जातं.

हद्दीचं कारण सांगूनही तुम्हाला परत पाठवता येत नाही. ‘झिरो एफआयआर’ कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच ते आता लिहिलेलं आहे.

मुलगी 18 पूर्ण असेल तर पोलीस हात वर का करतात?

सज्ञान माणूस घरातून निघून गेला, तर तो गुन्हा होत नाही. बाईला आपल्या मर्जीने कुठेही जायचा, कुणाशीही लग्न करायचा हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. घरच्यांना जात पसंत नाही म्हणून ‘तस्करी’ची तक्रार देऊन पोलिसांना मुलीच्या मागे लावायचे प्रकारही होतात. त्यामुळे ठाण्यातला जमादार सावध असतो. तो मिसिंग नोंदवतो, फोटो पुढे पाठवतो आणि वाट बघतो.

इथेच दलालाचं फावतं. 19-20 वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पहिला आठवडा असाच निघून जातो. नुसत्या मिसिंगवर परराज्यात पथक जात नाही, फोनचे तपशीलही पटकन मागवले जात नाहीत.

म्हणून घरच्यांनी ‘आमची मुलगी हरवली’ एवढंच सांगून थांबू नये. कुणाबरोबर गेली, काय सांगून नेली, पगार किती कबूल केला, शेवटचा फोन कुठून आला, फोनवर ती रडत होती का, मधे कुणी दुसरं बोलत होतं का, हे लेखी द्या. आमिष, फसवणूक किंवा पैशाची देवघेव दिसली, की वय 18 असो की 30, दखलपात्र गुन्हा होतो आणि पोलिसांचे हात मोकळे होतात. मिसिंग आणि गुन्हा यांच्यातलं अंतर पुष्कळदा तक्रारीतल्या या चार ओळींचंच असतं. ठाण्यात जाण्याआधी त्या घरी बसून नीट आठवून काढा, शिकलेल्या कुणाकडून लिहून घ्या.

ती मर्जीने गेली, आईबापांनीही हो म्हटलं. मग गुन्हा कसा?

फसवून, धाक दाखवून, अडचणीचा फायदा घेऊन किंवा घरच्यांना पैसे देऊन मिळवलेल्या संमतीला कलम 143 मध्ये किंमत नाही. शोषणासाठी असं नेणाऱ्याला किमान 7 वर्षं शिक्षा आहे, मूल असेल तर किमान 10 वर्षं ते जन्मठेप. आईबापांनी पैसे घेतले असतील तर तेही आरोपी होऊ शकतात. म्हणूनच अशी घरं ठाण्याची पायरी चढत नाहीत आणि तपासाला फिर्यादीच मिळत नाही.

वयाचा एवढा घोळ का होतो?

मुलीचं वय 17 की 19, यावर सगळी केस उभी राहते किंवा पडते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागेल की नाही, मुलगी बालकल्याण समितीपुढे जाईल की नाही, शिक्षा किती, सगळं त्यावरच. आणि आपल्याकडे कागद कच्चे. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद राहून गेलेली असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून टाकलेला असतो. दलाल आधार कार्डावरची जन्मतारीख बदलून आणतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये स्पष्ट केलं, तरी लॉजवाला आणि तिकडचा वकील तेच पुढे करतो.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात आणि बचाव पक्ष नेमकी तीच दोन वर्षं पकडतो. तेव्हा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल पहिल्या दिवशीच तपास अधिकाऱ्याच्या हातात द्या. मुलीने चौथीत शाळा सोडली असली तरी त्या शाळेत रजिस्टर असतं.

पत्ता कळला, तरी पोलीस परराज्यात लगेच का जात नाहीत?

सगळ्यात जास्त राग याच प्रश्नावर निघतो, म्हणून जरा सविस्तर.

विदर्भाला तीन राज्यं लागून आहेत. धारणीहून बुऱ्हाणपूर जवळ, अमरावती लांब. परतवाड्याहून बैतुल, सावनेरहून सौंसर, देवरीहून राजनांदगाव, पांढरकवड्याहून आदिलाबाद, राजुऱ्याहून आसिफाबाद, सगळीकडे काही तासांत पोचता येतं. त्यात नागपूरला मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या लोहमार्गांची गाठ आहे. बल्हारशाह, गोंदिया, बडनेरा अशा स्टेशनांवर रात्री बसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दोन राज्यं ओलांडून गेलेली असते. दलालाला कुणाची परवानगी लागत नाही.

पोलिसाला लागते. पथक बाहेर न्यायचं तर पोलीस अधीक्षकांची मंजुरी, सोबत महिला कर्मचारी, गाडी, डिझेल, राहण्याचा खर्च. खर्चाचं बिल मागाहून पास होतं, तोवर कर्मचारी पदरचे पैसे घालतात. फिर्यादीलाच गाडी करायला सांगितल्याच्या तक्रारी ऐकू येतात. तसं सांगणं चूक आहे, पण ते कुठून येतं हेही लक्षात घ्यावं लागेल. ठाण्यात आधीच माणसं कमी. त्यात सणांचा बंदोबस्त, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा. तपास अधिकारी तिकडे गेला की त्याच्या इतर केसेस थांबतात.

तिकडे पोचल्यावर स्थानिक ठाण्याची मदत घ्यावी लागते. नोंद करायची, तिथला कर्मचारी सोबत घ्यायचा, आणि तेवढ्यात बातमी फुटते. लग्न लावून नेलेली मुलगी असेल तर अख्खी गल्ली उभी राहते. ‘ही आमची सून आहे, पैसे मोजलेत,’ असं तोंडावर सांगितलं जातं. घराण्यातला कुणीतरी स्टॅम्प पेपरवरचा विवाह करारनामा दाखवतो. मुलगी घुंघट घेऊन उभी असते, तिकडची बोली तिला नीट येत नाही, सगळ्यांच्या देखत ‘मी खुशीत आहे’ म्हणते. कडेवर मूल असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण ते मूल सासरचे सोडत नाहीत. चार पोलीस आणि दीडशे माणसं अशा परिस्थितीत अधिकाऱ्याला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. मुलीला एकटीला बाजूला घेऊन तिच्या भाषेत बोलणारी महिला कर्मचारी पथकात असली, तरच खरं काय ते कळतं. गोंडी, माडिया, कोरकू किंवा कोलामी बोलणारी कर्मचारी मिळत नसेल, तर गावातली शिकलेली एखादी ताई सोबत पाठवण्याची तयारी ग्रामसभेने ठेवावी. मला विचाराल तर ही मदत दहा निवेदनांपेक्षा मोलाची आहे.

आरोपी सापडला तर तिथल्या न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्याला इकडे आणायची परवानगी, घेऊन त्याला इकडे आणावं लागतं. मोठी टोळी असेल तर 2019 च्या दुरुस्तीपासून राष्ट्रीय तपास यंत्रणेलाही असा तपास हाती घेता येतो. पण खेड्यातल्या एका मुलीची केस तिथवर पोचणं दुर्मीळ.

जिल्ह्याला खास कक्ष आहे ना? तो काय करतो?

अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष, ज्याला सगळे एएचटीयू म्हणतात, तो जिल्हा पातळीवर असतो. कल्पना चांगली आहे. या गुन्ह्याची सवय असलेली, समाजकल्याण आणि महिला-बालविकास खात्यांशी जोडलेली माणसं एका जागी असावीत, अशी.

अनुभवी अधिकारी तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढ्यात त्याची बदली होते. कक्षाची माणसं बंदोबस्ताला ओढली जातात. आणि एएचटीयू जिल्ह्याच्या गावाला, मुलगी गेली ती सिरोंच्याच्या टोकाहून. सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सुटका झालेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं, या नियमाचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो.

गडचिरोलीचं आणखी एक. तिथलं पोलीस दल कित्येक वर्षं नक्षलविरोधी कामात गुंतलेलं राहिलं आणि आतल्या गावांत ‘पोलिसांकडे गेलो तर कुणी बघेल’ ही भीती होती. जाती-जमातीचे दाखले, योजनांचे अर्ज यांसाठी ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू झाल्यापासून लोक साध्या कामाला पोलीस मदत केंद्रात येऊ लागले. दाखल्यासाठी गेलेली बाई पुढे मुलीबद्दलही बोलू शकते. विश्वास असाच हळूहळू बसतो.

हायवेवरच्या लॉजमध्ये काय चालतं सगळ्यांना माहीत आहे. आमचे ठाणेदार धाड का टाकत नाहीत?

कधी इच्छा नसते, हे खरं. पण एक कायदेशीर अडचणही आहे. ‘पीटा’ खाली झडती आणि अटक करणारा विशेष पोलीस अधिकारी निरीक्षक दर्जाच्या खालचा नसावा लागतो. ग्रामीण भागातल्या अनेक ठाण्यांचे प्रभारी सहायक निरीक्षक असतात. मग उपविभागीय अधिकारी किंवा स्थानिक गुन्हे शाखेकडे जावं लागतं. सोबत दोन महिला पोलीस हव्यात. पंचांमध्ये एक तरी बाई हवी, आणि अशा पंचनाम्याला गावातली बाई सहसा तयार होत नाही. डमी ग्राहक पाठवायचा, नोटांचे नंबर लिहायचे, हे सगळं लॉजवाल्याच्या कानावर न जाऊ देता करायचं.

धाडीत सापडलेल्या बाया आरोपी नसतात. मे 2022 मध्ये बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान बाईला त्रास देऊ नका. खोलीतली कोणती बाई स्वेच्छेने आहे आणि कोणती विकून आणलेली, हे ओळखायला तासभराची चौकशी पुरत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूरची गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी बंद केली, तेव्हाही हाच वाद पेटला होता. वस्ती बंद झाली म्हणजे दलाल घरी बसतात असं मला वाटत नाही. ते भाड्याच्या खोल्यांकडे आणि रस्त्यालगतच्या लॉजकडे सरकतात, आणि तिथली मुलगी शोधणं जास्त कठीण.

मजुरांना डांबून ठेवलं, तर ठाण्यात ‘हा तुमचा पैशाचा वाद’ म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं हा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. असं देणं कायद्याने रद्दच ठरतं. 1982 साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असं म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी.

अडचण दोन खात्यांत वाटणी झाल्याने होते. गुन्हा पोलिसांनी नोंदवायचा, पण मजुरांचा मुक्तता दाखला द्यायचा जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांनी. पोलीस तहसीलकडे बोट दाखवतात, तहसील कामगार कार्यालयाकडे. मधल्या काळात मालक मजुरांना रात्री ट्रकमध्ये घालून गावी सोडून देतो. मजूर आनंदात घरी येतात आणि पुरावा संपतो. दाखला नसेल तर पुनर्वसनाचे पैसेही मिळत नाहीत. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत आहे, आणि पुढे पुरुषाला 1 लाख, बायका-मुलांना 2 लाख, तस्करीसारख्या गंभीर प्रकरणात 3 लाख रुपये. पण ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाला बांधलेली आहे, आणि निकालाला वर्षं लागतात.

मजूर अडकल्याचा फोन आला तर 112 ला कळवाच, शिवाय त्या जिल्ह्याच्या आणि आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना नावांच्या यादीसह लेखी द्या. मेलवरचं पत्रही चालतं. ‘वेठबिगारी’ हा शब्द त्यात स्पष्ट लिहा.

मोबाईल नंबर आहे. लोकेशन काढायला किती वेळ लागतो?

सिनेमात लागतो त्यापेक्षा बराच जास्त. तपशील वरिष्ठांमार्फत मागवावे लागतात. सिम दुसऱ्याच्या नावावर असतं. खेड्यात एका टॉवरखाली पाच-सहा गावं येतात, त्यामुळे ‘लोकेशन मिळालं’ म्हणजे घर मिळालं असं होत नाही. बोलणं व्हॉट्सॲपवर झालं असेल तर कॉलच्या यादीत ते दिसत नाही.

पुष्कळदा नुकसान घरूनच होतं. भाऊ दलालाला फोन करून धमकी देतो आणि नंबर कायमचा बंद पडतो. लाजेपोटी मुलीच्या फोनमधले फोटो पुसले जातात. असं करू नका. फोन आहे तसा ठेवा, खोका असेल तर त्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. नुसता स्क्रीनशॉट पुढे पाठवला आणि मूळ फोन विकून टाकला, तर न्यायालयात तो टिकणं कठीण.

परदेशातल्या डेटा एंट्रीच्या नोकऱ्यांचं काय?

थायलंडची नोकरी सांगून तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं देशभर झाली आहेत. एजंट पर्यटक व्हिसावर पाठवत असेल तर पोराला जाऊ देऊ नका. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर बघता येतं.

मुलगी सापडते, आरोपी पकडले जातात, आणि न्यायालयात ती जबाब का बदलते?

तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे.

सुटका झाल्यावर मुलीला सुधारगृहात ठेवतात. तिच्या दृष्टीने ती पुन्हा कोंडलेलीच. घरचे भेटायला येतात ते रोज बुडवून, एसटीचं भाडं खर्चून. दलालाची माणसं मात्र घरी नियमित येतात, कधी पैसे घेऊन, कधी धमकी घेऊन. दलाल नात्यातला असेल तर आजीच म्हणते, ‘मिटवून टाक, धाकटीचं लग्न व्हायचं आहे.’ खटला सुरू होईपर्यंत तिचं लग्न झालेलं असतं आणि नवऱ्याला काहीच माहीत नसतं. समन्स घेऊन वर्दीतला पोलीस सासरी पोचला तर तिचा संसार मोडतो. अशा मुलीने ‘मला काही आठवत नाही’ म्हटलं, तर तिला फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यावर उपाय आहेत, पण वापरले जात नाहीत. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 चा जबाब (जुना 164) सुटकेनंतर लगेच, तिच्या भाषेच्या दुभाष्यासह घेतला पाहिजे. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. साक्ष व्हिडिओवरून देता येते. समन्स साध्या वेशात बजावा अशी विनंती सरकारी वकिलांमार्फत करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील आणि नुकसानभरपाई मिळू शकते. मुलीच्या घरच्यांना यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं.

पोलिसच मिळालेले असतील तर?

असं घडतं, आणि कायद्याने ते गृहीतही धरलं आहे. या गुन्ह्यात सामील असलेल्या पोलिसाला किंवा सरकारी नोकराला कलम 143 मध्ये उरलेल्या आयुष्यभराची जन्मठेप आहे. तस्करीची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्याच कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने तक्रार पाठवा आणि पावती जपा. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

स्टँडवर, गाडीत संशय आला तर आपणच मुलांना अडवावं का?

स्वतः अडवू नका, मारहाण तर नाहीच. 112 किंवा 1098 ला सांगा, रेल्वेत असाल तर 139. मे 2023 मध्ये बिहारहून येणारी 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवून घेतली गेली आणि सोबतच्या मदरसा शिक्षकांना अटक झाली. चौकशीत तस्करीचा काहीच पुरावा निघाला नाही आणि पुढच्या वर्षी रेल्वे पोलिसांनी केस बंद केली. तोवर त्या शिक्षकांनी तुरुंग भोगला होता. संशय कळवणं आपलं काम, खातरजमा यंत्रणेचं. माणसाचा पेहराव बघून संशय घेऊ नये. मुलांना सोबतच्या माणसाचं नाव माहीत आहे का, ती घाबरलेली आहेत का, याकडे बघा.

गावाने आधीपासून काय तयार ठेवावं?

कामाला जाणाऱ्यांची एक वही. कोण, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर, त्याचा नंबर आणि आधारची झेरॉक्स, गाडीचा क्रमांक, परतीचा अंदाज. पोलीस पाटलांकडे किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. वही जाणाऱ्याला अडवण्यासाठी नाही, हे सगळ्यांना नीट सांगा, नाहीतर लोक लपून जातील आणि वहीचा उपयोग संपेल. अंगणवाडीच्या लाभार्थींसाठी शासनाने स्थलांतर नोंदीचं ‘महा-एमटीएस’ ॲप आणलं आहे. गरोदर बाया आणि लहान मुलांची माहिती सेविकेकडे त्यात असते.

बाहेरचं स्थळ आलं तर लग्न गावातच लावा, असा आग्रह धरा. नवऱ्याच्या गावच्या सरपंचाला फोन करा, दोघं जण जाऊन घर बघून या. मुलगी 18 च्या आतली असेल तर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. मूल विकून किंवा पळवून नेऊन लावलेलं लग्न 2006 च्या बालविवाह कायद्याच्या कलम 12 ने मुळातच रद्द ठरतं.

परत आलेल्या मुलीशी कसं वागावं?

तिला काय झालं ते विचारायला गावभर रांग लावू नका. जबाब एकदा, महिला अधिकाऱ्यापुढे होऊ द्या. तिचा फोटो, नाव, गाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, तो गुन्हा आहे. बचत गटात घ्या, शाळा सुटली असेल तर पुन्हा नाव घाला, शिवणकाम, नर्सिंग, जे तिला हवं ते शिकू द्या. घरची अडचण तशीच राहिली तर तीच दलाल बाई सहा महिन्यांनी नवीन काम घेऊन दारात येते. ती आली तर तिला बसवून ठेवा आणि बीट जमादाराला फोन करा.

बालकांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीची पोलीस मदत 112, मोफत कायदेशीर सल्ला 15100. हे चार नंबर शाळेच्या आणि राशन दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्या. कागद फाटतो.